घटना, समीकरणे आणि घड्याळ : सिम्युलेशनच्या सर्वसाधारण फ्रेमवर्कचा उल्हास खोऱ्यातून आढावा

सिम्युलेशनच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये दोन तऱ्हेची कामे असतात. पहिले काम विषयाचे नियम मांडण्याचे: नदीला पाणी कसे चढते, रांग कशी सरकते, रिअ‍ॅक्टरमधले तापमान कसे वाढते. दुसऱ्या कामाचा विषयाशी काही संबंध नसतो. संगणकातला काळ पुढे न्यायचा, पुढे काय घडायचे आहे त्याची यादी सांभाळायची, यादृच्छिक आकडे पुरवायचे, मधल्या अवस्थांची नोंद ठेवायची आणि तोच प्रयोग उद्या पुन्हा तसाच करता येईल अशी सोय करायची. हे दुसरे काम प्रत्येकाने नव्याने लिहिण्याऐवजी एकदाच नीट लिहून सर्वांना वापरायला देणे, हे सर्वसाधारण फ्रेमवर्कचे प्रयोजन आहे.

यातले ‘सर्वसाधारण’ हे विशेषण जपून वाचायला हवे. फ्रेमवर्क विषयाच्या बाबतीत सर्वसाधारण असते, काळाच्या बाबतीत नसते. काळ कसा सरकतो याबद्दल प्रत्येकाने आधीच एक भूमिका घेतलेली असते. कोणी एका घटनेवरून दुसऱ्या घटनेवर उडी मारते, कोणी बारीक पावले टाकत जाते, तर कोणी प्रत्येक व्यक्तीला तिच्या पाळीप्रमाणे हलवते. ही भूमिका प्रश्नाशी जुळली नाही तर पुढची मेहनत बहुतेक वाया जाते. म्हणून फ्रेमवर्कची निवड करताना सोयींची यादी पाहण्याआधी, हातातल्या प्रश्नाचे घड्याळ कोणते हे ठरवावे लागते.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे हा मुद्दा तपासायला सोयीची आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ५ लाख ६ हजार, २ लाख ५३ हजार आणि १ लाख ७४ हजार होती. एक महापालिका, दोन नगरपरिषदा. पण लोकलचा मार्ग एकच, वालधुनी अंबरनाथमधून उल्हासनगरात उतरते, बदलापूरला उल्हास नदी वळसा घालते आणि एमआयडीसीच्या पट्ट्यात लहानमोठे रासायनिक कारखाने आहेत. लोकल, पूर, नळाचे पाणी, रिअ‍ॅक्टर आणि वायुगळती हे सगळे प्रश्न काही किलोमीटरांच्या आत भेटतात, आणि त्यांचे काळ एकमेकांशी जुळत नाहीत.

घटनांची यादी

सर्वसाधारण सिम्युलेशनची सुरुवात कारखान्यात झाली. इंग्लंडमधल्या युनायटेड स्टील कंपनीत के. डी. टोचर यांनी १९६० च्या सुमारास ‘जनरल सिम्युलेशन प्रोग्रॅम’ तयार केला. पोलाद कारखाना म्हणजे यंत्रांचा संच, आणि प्रत्येक यंत्र रिकामे, कामात किंवा बंद अशा ठरावीक अवस्थांपैकी एकीत असते, ही त्यांची मांडणी. १९६१ मध्ये आयबीएममधील जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस आणले. त्यात प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी ठोकळ्यांची आकृती मांडायची आणि ‘व्यवहार’ त्या ठोकळ्यांतून पुढे सरकायचे. रँड संस्थेत हॅरी मार्कोविट्झ यांच्या गटाने सिमस्क्रिप्ट रचले; हेच मार्कोविट्झ पुढे १९९० मध्ये गुंतवणूक सिद्धांतासाठी अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला घडवली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आल्या आणि सी प्लस प्लसमार्गे त्या सगळ्या संगणकविश्वात पसरल्या. आज बँकेचे अ‍ॅप लिहिणारा प्रोग्रॅमर जी पद्धत वापरतो, ती मुळात रांगा आणि यंत्रे यांचे सिम्युलेशन करण्यासाठी निघाली होती.

या घराण्यातल्या फ्रेमवर्कचे हृदय म्हणजे घटनांची यादी. अंबरनाथ ते बदलापूर हा रेल्वेचा टप्पा घ्यावा. सिग्नलांमुळे त्याचे ब्लॉक पडतात आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी असते. समजा ७ वाजून २ मिनिटांनी लोकल सुटली. फ्रेमवर्क लगेच यादीत लिहिते की ७:०३:३० ला ही गाडी पुढचा सिग्नल ओलांडेल. मधल्या दीड मिनिटात गाडी धावत असते, पण संगणकाच्या दृष्टीने काहीच घडत नाही. घड्याळ ७:०२:०० वरून थेट ७:०३:३० वर जाते. पुढच्या ब्लॉकमध्ये एक्सप्रेस असेल तर लोकलची नोंद त्या ब्लॉकच्या प्रतीक्षायादीत जाते आणि ब्लॉक मोकळा झाल्याची घटना तिला जागे करते. आता ब्लॉक ७:१०:०० ला मोकळा होणार आणि नेमकी त्याच क्षणी दुसरी गाडी तो मागणार, असे झाले तर? आधी मोकळे करणे धरले तर गाडी न थांबता जाते. आधी मागणी धरली तर तिला लाल सिग्नल लागतो, आणि मागच्या गाड्यांना त्याचा धक्का बसतो. एकाच क्षणाच्या घटनांचा क्रम कसा लावायचा हे चांगले फ्रेमवर्क स्पष्ट सांगते. जे सांगत नाही, त्याचे निकाल आवृत्ती बदलली की गुपचूप बदलू शकतात.

पायथनमधले सिमपाय हे या प्रकारातले आज सहज हाताशी येणारे मोफत साधन. त्यात प्रत्येक गाडी किंवा प्रवासी म्हणजे एक ‘प्रोसेस’, आणि ब्लॉक, फलाट, खिडकी म्हणजे ‘रिसोर्स’. अरीना आणि एनीलॉजिक ही व्यापारी साधने तेच काम चित्रमय पडद्यावर करून देतात. रेल्वेच्या कामात आयआयटी मुंबईचा हात आहे: नारायण रंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे टप्प्यांवरील वाहतुकीच्या सिम्युलेशनवर काम केले, आणि २०२० च्या सुमारास रेल्वेने हाती घेतलेल्या शून्याधारित वेळापत्रकाला संस्थेचे साहाय्य होते. कल्याण–बदलापूर या सुमारे १४ किलोमीटरच्या टप्प्यावर लोकल आणि मेल-एक्सप्रेस एकाच जोडमार्गावरून चालत आल्या आहेत, आणि तिसरी-चौथी मार्गिका एमयूटीपी ३-ए या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवे स्थानकही ठरले आहे. नवा थांबा आला की त्या गाडीची वेळ वाढते, हे कोणीही सांगेल. मागच्या किती गाड्यांवर त्याचा परिणाम होतो आणि तो केव्हा विरतो, हे घटनांची यादी चालवल्याशिवाय कळत नाही.

अशा मॉडेलची पहिली परीक्षा, उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रश्नावर घ्यायची असते. तिकीट खिडकी हे सोपे उदाहरण. सरासरी ४० सेकंदांना एक प्रवासी येतो, तिकिटाला सरासरी ३० सेकंद लागतात आणि दोन्हींत घातांकी वितरणाची अनियमितता आहे, असे धरले तर रांगेच्या सिद्धांताप्रमाणे सरासरी प्रतीक्षा ९० सेकंद येते. फ्रेमवर्कनेही तेवढीच दाखवली पाहिजे. आता प्रवासी २५ टक्के वाढले, म्हणजे ३२ सेकंदांना एक आला, तर प्रतीक्षा २५ टक्क्यांनी वाढत नाही. ती साडेसात मिनिटांवर, म्हणजे पाचपट होते. खिडकी तेव्हाही सहा टक्के वेळ रिकामीच असते. सरासरीवर आखणी करणाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, म्हणून हा हिशेब आधी कागदावर आणि मग संगणकावर करून दाखवणे बरे.

यादृच्छिक आकड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि तिथेच फसतात. १९६० च्या दशकात आयबीएमच्या यंत्रांवर रँडू नावाचा जनक सर्रास वापरला जाई. त्याचे लागोपाठचे तीन-तीन आकडे अवकाशात बिंदू म्हणून मांडले तर ते सगळे अवघ्या १५ प्रतलांवर पडतात. त्या आकड्यांवर उभी राहिलेली उत्तरे संशयास्पद ठरली. १९९८ मध्ये मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी मांडलेला मर्सेन ट्विस्टर पुढे अनेक भाषांत आला. पण चांगला जनक असणे पुरत नाही. प्रवाशांच्या येण्यासाठी एक आणि तिकिटाच्या वेळेसाठी दुसरा, असे आकड्यांचे प्रवाह वेगळे ठेवावे लागतात. तसे केले तर एक खिडकी आणि दोन खिडक्या यांची तुलना त्याच गर्दीवर होते. नाहीतर फरक खिडकीमुळे पडला की नशिबामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

नदीचे घड्याळ

पाण्याला घटना नसतात. उल्हासची पातळी प्रत्येक क्षणी प्रत्येक ठिकाणी बदलत असते, आणि तिथे समीकरणे सोडवत बारीक पावलांनी जावे लागते. उथळ प्रवाहाची समीकरणे सेंट-व्हेनाँ यांनी १८७१ मध्ये मांडली. ती संगणकावर सोडवताना पाऊल किती मोठे टाकायचे, यावर कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये, म्हणजे आजचे संगणक येण्याच्या बरेच आधी, एक अट शोधून ठेवली होती: एका पावलात लाटेने एका चौकटीपलीकडे जाता कामा नये.

हे बदलापुराच्या प्रमाणात पाहता येते. नदीपात्र आणि काठ यांवर १० मीटरच्या चौकटी आखल्या आणि पुराचे पाणी ५ मीटर खोल धरले, तर लाटेचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर पडतो. त्यात प्रवाहाचे २ मीटर मिळवले की ९ झाले. म्हणजे पाऊल जेमतेम १.१ सेकंदाचे. एका दिवसाच्या पुरासाठी ७८ हजारांहून अधिक पावले, आणि प्रत्येक पावलाला प्रत्येक चौकटीचा हिशेब. अधिक बारकाईसाठी चौकट ५ मीटरची केली तर चौकटी चौपट होतात, पाऊल निम्मे होते आणि काम आठपट वाढते. अव्यक्त (इम्प्लिसिट) पद्धतीची गणिते या अटीतून बरीच सुटका देतात, पण मोठ्या पावलात पुराची वेगवान लाट पुसट होते.

या कामाला सर्वसाधारण फ्रेमवर्क वापरावे की खास बनवलेले साधन? ओपनफोम हे इंपीरियल कॉलेजमध्ये जन्मलेले आणि २००४ मध्ये मुक्त झालेले फ्रेमवर्क कोणत्याही प्रवाहाची समीकरणे सोडवू शकते. पुलाच्या खांबाभोवतीचा भोवरा पाहायचा तर तेच योग्य. पण संपूर्ण खोऱ्याच्या पुरासाठी अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाचे एचईसी-रास बरे. १९९५ पासून उपलब्ध असलेले हे सॉफ्टवेअर २०१६ च्या पाचव्या आवृत्तीपासून द्विमितीय पूरही दाखवते आणि मोफत मिळते, मात्र त्याचा स्रोत खुला नाही. त्याचे खरे मोल गणितापेक्षा बारीकसारीक अडचणी सोडवून ठेवण्यात आहे. कोरड्या शेतात पाणी शिरते तेव्हा खोली शून्यावरून वर येते. शून्याच्या आसपास वेगाचा भागाकार बिघडतो आणि प्रोग्रॅम कोलमडतो. ओली-कोरडी सीमा सांभाळण्याचे हे काम नव्याने लिहू पाहणारे विद्यार्थी बहुधा त्यातच अडकून पडतात.

उल्हासचे मॉडेल आणखी एका कारणाने अवघड आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या नदीत बारमाही पाणी राहते त्याला भिवपुरीचे टाटांचे वीजकेंद्र मोठे कारण आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्र खोऱ्यातले, एरवी भीमेकडे जाणारे पाणी जनित्रांतून खाली येते आणि पेजमार्गे उल्हासला मिळते. १९२२ पासून चाललेल्या या केंद्रातून पाणी केव्हा आणि किती सुटावे यात मुंबईच्या विजेच्या मागणीचा वाटा असतो. म्हणजे उन्हाळ्यात बदलापूरच्या बॅरेजला येणारा प्रवाह समजून घ्यायचा, तर नदीच्या अखंड समीकरणाला वीजकेंद्राच्या ‘चालू-बंद’ या घटना जोडाव्या लागतात. खालच्या अंगाला एमआयडीसीचे बारवी धरण ज्या नदीवर आहे ती बारवी उल्हासला मिळते, आणि कल्याणकडे भरतीचा प्रभाव सुरू होतो. कागदावर ही एक छोटी नदी आहे. मॉडेलमध्ये तिला वरून वीजकेंद्र, बाजूने धरण आणि खालून समुद्र अशा तीन सीमा आहेत.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंद झाली, तो आकडा सर्वांना पाठ आहे. या खोऱ्याच्या दृष्टीने २७ जुलै २०१९ जास्त शिकवून जाते. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ, नौदल वगैरेंनी बाहेर काढले. बदलापूर बंधाऱ्याची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. दोन्हींत अंतर अवघे एक मीटर. आता मोफत मिळणाऱ्या ३० मीटर चौकटीच्या उपग्रह उंची-नकाशांत उभ्या दिशेची चूक काही मीटरांची असू शकते. शिवाय रेल्वेचा भराव एका चौकटीपेक्षा अरुंद असल्याने तो नकाशात विरघळून जातो. प्रत्यक्षात तोच भराव बांधासारखे पाणी अडवतो आणि मोऱ्यांतून सोडतो. भराव आणि मोऱ्या हाताने मोजून मॉडेलमध्ये घातल्या नाहीत, तर कितीही चांगले फ्रेमवर्क रुळांवरून पाणी सरळ पलीकडे नेऊन दाखवेल.

वालधुनीला हे आणखी लागू आहे. अंबरनाथचे अकराव्या शतकातले शिवमंदिर जिच्या काठी आहे ती ही नदी उल्हासनगरात पोचेपर्यंत नाल्यासारखी होते, आणि तिथे शहरी गटारांचे गणित लागते. त्यासाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेचे एसडब्ल्यूएमएम हे १९७१ पासून चालत आलेले मुक्त सॉफ्टवेअर वापरतात. त्याला प्रत्येक नाल्याची रुंदी, उतार आणि तळ लागतो. गाळ किती भरला आहे हे दर पावसाळ्याआधी बदलते, म्हणजे मागच्या वर्षीची फाइल यंदा तशीच चालवता येत नाही.

नळ, रिअ‍ॅक्टर आणि वारा

अमेरिकी पर्यावरण संस्थेचेच एपानेट १९९३ पासून नळयोजनांसाठी जगभर वापरले जाते. त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे: नळ्या सदैव भरलेल्या असतात आणि ग्राहकाला हवे तेवढे पाणी मिळते, प्रश्न फक्त दाब किती उरतो याचा. २०२० च्या २.२ आवृत्तीत दाबानुसार पुरवठा धरण्याची सोय आली, तेव्हा हे गृहीतक अर्धे सैल झाले. पण ठरलेल्या वेळी पाणी सोडून बाकी वेळ बंद ठेवायचे, इमारतीच्या टाकीत ते साठवायचे आणि कोणी मोटार लावून ओढून घ्यायचे, हा आपल्याकडचा व्यवहार एपानेटच्या कल्पनेतच नव्हता. रिकामी नळी भरताना आतली हवा बाहेर पडते, टोकाच्या चाळीला पाणी उशिरा पोचते आणि लवकर जाते. स्वतःचा जलस्रोत नसलेल्या आणि एमआयडीसीच्या पुरवठ्यावर अवलंबून असलेल्या उल्हासनगरात असे मॉडेल करायचे, तर टाक्यांची मांडणी युक्तीने करून एपानेटला फसवावे लागते. खास साधन जेव्हा परक्या जागच्या सवयींसाठी बनलेले असते, तेव्हा सर्वसाधारण फ्रेमवर्कमध्ये प्रश्न नव्याने मांडणे खरोखर फायद्याचे ठरते.

रासायनिक कारखान्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९७३ च्या तेलसंकटानंतर एमआयटीत १९७६ साली अ‍ॅस्पेन प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून निघालेले व्यापारी सॉफ्टवेअर मोठ्या कारखान्यांत रुळले. त्याचा परवाना महाग. आयआयटी मुंबईतील फॉसी हा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालणारा प्रकल्प त्याला पर्याय म्हणून ब्राझीलमध्ये जन्मलेल्या डीडब्ल्यूसिमचा प्रसार करतो. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात विद्यार्थी प्रसिद्ध प्रक्रियांचे फ्लोशीट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे आराखडे, मुक्त साधनात पुन्हा बांधतात, ते तपासले जातात आणि सर्वांसाठी खुले होतात. ओपनफोम, ओपनमॉडेलिका, सायलॅब यांनाही तिथे असाच आधार आहे. सिम्युलेशनच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रात इतके पद्धतशीर काम क्वचितच झाले असेल.

फ्लोशीट साधने मुख्यतः स्थिर अवस्थेचा हिशेब करतात: कच्चा माल सतत आत, उत्पादन सतत बाहेर. लहान आणि मध्यम कारखान्यांत मात्र बॅच पद्धत नेहमीची. रिअ‍ॅक्टर भरायचा, तापवायचा, ठरावीक तास ढवळायचा, रिकामा करायचा. इथे स्थिर अवस्था कधी येतच नाही. अशा ठिकाणी मॉडेलिका भाषा उपयोगी पडते. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांच्या १९७८ च्या लुंड येथील प्रबंधातून आलेला विचार १९९७ मध्ये या भाषेच्या रूपाने उभा राहिला. त्यात ‘याचे मूल्य काढून त्यात ठेव’ अशा आज्ञा नसतात. उष्णता, दाब, प्रवाह यांची नाती समीकरणे म्हणून लिहायची आणि ती कोणत्या क्रमाने सोडवायची ते संगणकाने ठरवायचे.

रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता निर्माण होण्याचा वेग तापमानाबरोबर घातांकी गतीने वाढतो. ठोकळ नियम असा की दर १० अंशांना अभिक्रिया दुप्पट वेगाने होते. थंड करणाऱ्या जॅकेटची ताकद मात्र तापमानातील फरकाच्या सरळ प्रमाणात. दोन रेषा जिथे एकमेकींना सोडून जातात, त्यापुढे तापमान आवरत नाही. तासन्‌तास संथ असलेली स्थिती काही सेकंदांत उसळते, आणि समान पावलांनी चालणारा प्रोग्रॅम एकतर फार हळू चालतो किंवा नेमका तो क्षण हुकवतो. ओपनमॉडेलिकात वापरला जाणारा डीएएसएसएल हा सॉल्व्हर पाऊल स्वतःच लहान-मोठे करतो. त्याशिवाय, दाब ठरावीक मर्यादेला टेकला की सुरक्षा झडप उघडते. ही मधूनच घडणारी घटना आहे. ती दोन पावलांच्या मध्ये घडली तर मागे येऊन नेमका क्षण शोधावा लागतो. अखंड समीकरण आणि तुटक घटना एकत्र सांभाळणे ही सर्वसाधारण फ्रेमवर्कची सर्वांत कडक परीक्षा आहे.

कुंपणाबाहेर गेलेल्या वायूसाठी पुन्हा वेगळे साधन. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायुगळती झाली. ती सुमारे तासाभरात थांबवण्यात आली, तोवर परिसरातल्या लोकांना श्वासाचा त्रास झाला होता. अशा वेळी अग्निशमन दलाला उपयोगी पडावे म्हणून अमेरिकेत अलोहा हे मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. मिनिटभरात ते धोक्याचा पट्टा काढून देते. पण वारा सेकंदाला एक मीटरपेक्षा मंद असेल किंवा आसपास डोंगर असतील तर त्यावर विसंबू नये, असे त्याचे कर्तेच सांगतात. बदलापूरच्या एका बाजूला माथेरानची रांग आहे आणि रात्री वारा पडतो. म्हणजे ज्या परिस्थितीत उत्तर सर्वांत निकडीचे, त्याच परिस्थितीत साधन दुबळे.

माणसे

माणसे समीकरणे पाळत नाहीत. त्यांच्यासाठी एजंट-आधारित फ्रेमवर्क निघाली: सांता फे संस्थेचे स्वार्म, १९९९ मधले उरी विलेन्स्की यांचे नेटलोगो, पायथनमधले मेसा, नकाशांशी सहज जुळणारे गामा. त्याआधीची जे फॉरेस्टर यांची सिस्टिम डायनॅमिक्स पद्धत लोकसंख्या, घरे, पाणी यांचे साठे आणि ओघ एकत्रितपणे पाहते. शहराच्या वाढीचा ढोबळ कल कळायला ती पुरेशी, पण गल्लीत कोण कुठे वळेल हे ती सांगत नाही.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण कोविडकाळातले. बंगळुरूची आयआयएससी आणि मुंबईची टीआयएफआर यांनी २०२० मध्ये शहरभराचे एजंट मॉडेल केले. मुंबईसाठी सुमारे सव्वा कोटी काल्पनिक रहिवासी, त्यांची घरे, कामाच्या जागा, झोपडपट्टी आणि इतर वस्ती असा भेद, आणि लोकल सुरू केल्यास संसर्गावर होणारा परिणाम असे सगळे त्यात होते. हे त्यांनी तयार फ्रेमवर्कवर न बांधता सी प्लस प्लसमध्ये स्वतंत्रपणे लिहिले. एवढ्या एजंटांना नेटलोगो पेलवणारे नव्हते. नंतर अशोका विद्यापीठातून भारतसिम हे भारतीय वस्त्यांसाठीचे खुले फ्रेमवर्क आले.

एजंट मॉडेलचा दोष त्याच्या गुणातच आहे. पडद्यावर ठिपके धावताना दिसतात आणि पाहणाऱ्याला खरे वाटू लागते. पुराचा इशारा मिळाल्यावर नदीकाठच्या सोसायटीतले किती लोक लगेच निघतील, किती गाडी वर काढायला थांबतील, किती जण वृद्धांना सोडून हलणारच नाहीत, हे आकडे सर्वेक्षणातून न येता मॉडेल करणाऱ्याच्या मनातून आले, तर ठिपके त्याच्याच मनातला पूर दाखवतात.

जोडणी आणि तपासणी

वरचे प्रश्न एकेकटे येत नाहीत. नदी चढते, रूळ बुडतात, गाड्या थांबतात, फलाटावर गर्दी साचते. चार मॉडेले एकत्र चालवायची तर घड्याळ कोणाचे? अमेरिकी संरक्षण खात्याने १९९० च्या दशकात यासाठी एचएलए मानक आखले. ते २००० मध्ये आयईईई १५१६ झाले. यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात २०१० पासून एफएमआय हे सुटसुटीत मानक रुळले. त्यात प्रत्येक मॉडेल एका बंद गठ्ठ्यात येते आणि ‘इतके पुढे चल’ एवढीच आज्ञा पाळते. अशा जोडणीच्या मुळाशी असलेली कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस मणी चंडी आणि जयदेव मिश्रा या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी मांडली. नदीचे मॉडेल रेल्वेच्या मॉडेलला कळवते: चार वाजेपर्यंत पाणी रुळांना टेकणार नाही. मग रेल्वेचे मॉडेल चार वाजेपर्यंतच्या सगळ्या घटना बिनधास्त चालवते, तिथे थांबते आणि पुढच्या निरोपाची वाट पाहते. जेफरसन यांच्या १९८५ च्या टाइम वॉर्प पद्धतीत उलट करतात: न थांबता पुढे जायचे आणि उशिरा निरोप आला तर काळ मागे फिरवून चूक दुरुस्त करायची.

तपासणीचे दोन भाग आहेत. समीकरण बरोबर सोडवले का, हे तिकीट खिडकीसारख्या माहीत असलेल्या उत्तरावरून कळते. बरोबर समीकरण घेतले का, हे फक्त मोजणीतून कळते. एका पुरावर घर्षणाचे आकडे जुळवून घेतले असतील तर परीक्षा दुसऱ्या पुरावर व्हायला हवी. ज्या पुरावर शिकले त्याच पुरावर गुण देणारे अहवाल बाजूला ठेवावेत.

या विषयातली जुनी संस्था म्हणजे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत नद्या आणि बंदरे यांची प्रत्यक्ष छोटी प्रतिरूपे बांधून पाणी सोडले जाते, आणि पुढे त्यांना संगणकी मॉडेलांची जोड मिळाली. पुण्यातच १९८८ मध्ये सीडॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० आला. मुंबईसाठी आयफ्लोज ही पूरसूचना यंत्रणा १२ जून २०२० ला सुरू झाली. पाऊस, नाले, भरती-ओहोटी आणि वस्तीची असुरक्षितता यांची मॉडेले तिच्यात जोडलेली आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय जल आयोग आणि सीडॅक यांची सी-फ्लड यंत्रणा गावपातळीचा दोन दिवस आधीचा अंदाज घेऊन आली, पण महानदी, गोदावरी आणि तापी या खोऱ्यांसाठी. उल्हास त्या पहिल्या यादीत नाही.

इतक्या मोठ्या यंत्रणेची वाट न पाहताही बरेच काही साध्या संगणकावर होते. सिमपायमधला रेल्वे टप्पा लॅपटॉपवर सेकंदांत चालतो, एसडब्ल्यूएमएममधली वालधुनी मिनिटांत, द्विमितीय पूर चांगल्या डेस्कटॉपवर काही तासांत. यातले बहुतेक मोफत आहे. खर्च लागतो तो नाल्यांचे छेद मोजायला, वाऱ्याचा मनोरा उभारायला आणि फाइली जपायला. प्रत्येक निकालाबरोबर फ्रेमवर्कची आवृत्ती, यादृच्छिक आकड्यांचे बीज, उंचीचा आधार कोणता आणि नाल्यांची मोजणी कोणत्या महिन्यातली, एवढे लिहून ठेवले तर पाच वर्षांनी दुसरा अभियंता तेच उत्तर काढू शकतो. वालधुनीच्या बाबतीत त्या नोंदींत आणखी एक हवी. अंबरनाथच्या मॉडेलमधून जे पाणी बाहेर पडते, तेच उल्हासनगरच्या मॉडेलमध्ये आत येते. म्हणून दोन्ही फाइलींतला हद्दीवरचा वेळ-प्रवाह तक्ता एकच असावा लागतो, आणि तो कोणत्या कार्यालयाने तयार करून कोणाला द्यायची हे पावसाळ्याआधी ठरलेले असावे लागते.